तोडलेल्या वरकसात रान परत येईल का? जूनमध्ये रोपं लावू की थांबू?

वरकसवाली (धागाकर्ती)

संगमेश्वर तालुक्यात आमची सामाईक वरकस (डोंगरउताराची, भातशेती नसलेली जमीन) आहे, पाचेक एकर. उतार बराच, वरच्या टोकाला कातळ, खालच्या अंगाला वहाळ (ओढा). काकांनी गेल्या वर्षी उभं रान तोडीला दिलं. परवानगी रीतसर होती, पैशाची गरजही खरी होती, त्यामुळे तो विषय इथे नको. वहाळाकडचे दोन-तीन आंबे आणि एक उंबर सोडून सगळं साफ झालं. ऐन, किंजळ, जांभूळ, काही हेळे, नाणा होता. बाकीचं मला ओळखता येत नाही.

भाऊ म्हणतो काजू लावू. मला रानच परत हवंय. ठाण्यातली एक संस्था पाचशे रोपं फुकट देतेय. यादीत वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, बहावा, कांचन, ताम्हण आहेत. जूनमध्ये लावावीत का? गावातले म्हणतात लावलेलं काही जगत नाही. तेच लोक पुढच्या वाक्यात म्हणतात, काही करू नका, रान आपोआप येतं. दोन्ही एकदम खरं कसं असेल?

जाणकारांनी सांगावं. फोटो टाकत होते, चढत नाहीयेत.

फणसगरा

काजू लावा, बोंडं इथे वाटा. (बसलोय वाचत. गंभीर प्रतिसाद येतीलच.)

ऐन_भरात

ताई, गावातले दोन्ही वेळा खरं बोलतायत.

तोडीत ऐन-किंजळीचं फक्त खोड गेलं. मुळं जागच्या जागी आहेत, आणि आपल्या भागात खाजगी रानांची तोड दर पिढीत एकदा तरी होतेच, म्हणजे त्या मुळांचं वय खोडाहून जास्त असणार. ती कातळाच्या भेगांत कुठवर गेलीत ते आपल्याला दिसतही नाही. एप्रिलमध्ये वरची हातभर माती भाजून निघते तेव्हा त्यांना खालून पाणी मिळतं, साठवलेलं अन्नही असतं. म्हणून बुंध्यावर फुटवा येतो आणि पहिल्याच वर्षी डोक्याएवढा होतो. गाववाले ज्याला 'आपोआप' म्हणतात ते हे.

पिशवीतल्या रोपाकडे यातलं काहीच नाही. जुलैत लावलं, चार महिने पाण्यात मजेत वाढलं, वर पानांचा पसारा झाला. ऑक्टोबरात पाऊस थांबला की माती वरून खाली सुकत जाते. मूळ त्या सुकण्याच्या पुढे पळालं तर रोप वाचलं, मागे राहिलं तर गेलं. मरताना ते दिसतही नाही. डिसेंबरपर्यंत हिरवं असतं आणि होळीला गेलो तर काडी.

आपल्याला पाऊस कमी पडतो म्हणून रोपं मरत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणखी किती हवा? पण तो चार महिन्यांत पडून जातो. केरळच्या दक्षिण टोकाला कोरडे महिने दोन-तीन असतात, आपल्याकडे सात-आठ. सह्याद्रीत दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना सदाहरित झाडांच्या जाती कमी होत जातात त्यामागे हे मोठं कारण आहे. म्हणून रोप लावताना पावसाचा आकडा बघू नका, कोरडे महिने मोजा.

तर जूनमध्ये काय लावायचं हा प्रश्न तूर्त ठेवा बाजूला. आधी वरकस फिरा आणि तीन गोष्टी बघा. किती बुंध्यांना फुटवा आलाय, फुटव्याखेरीज बीपासून आलेली रोपं कुठे कुठे आहेत, आणि शेळ्यांच्या लेंड्या कुठे पडल्यात.

घाटमाथा

आमचा ट्रेकिंगचा ग्रुप दर जूनला बीजगोळे टाकतो. माती, शेण आणि आत बी. खड्डे नकोत, पिशव्या नकोत, मुळं गुंडाळण्याची भानगड नाही. बी जिथे रुजेल तिथेच मूळ खाली जाईल. पाच एकराला एक दिवस पुरेल. ताईंना हवं असेल तर येऊ.

बीजांकुर

घाटमाथा, मुळाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. पिशवीत मूळ तळाशी गोल फिरतं आणि जमिनीत गेल्यावरही बराच काळ तसंच राहतं, हा दोष आहेच. पण गोळ्यात कोणतं बी घालता?

बियांचे ढोबळ दोन स्वभाव आहेत. बहावा, शिरीष, खैर, चिंच यांचं बी वाळवून डब्यात ठेवलं तरी टिकतं. बहाव्याचं तर इतकं कठीण की वरचं कवच खरवडल्याशिवाय किंवा गरम पाण्यात भिजवल्याशिवाय पटकन रुजत नाही. रानात अस्वल शेंगा खातं आणि त्याच्या पोटातून गेलेलं बी पुढे रुजतं. दुसरा गट जांभूळ, आंबा, फणस, कोकम यांचा. ही बी सुकली की मेली. मे-जूनमध्ये फळ पडतं आणि पावसाच्या पहिल्या आठवड्यांत रुजतं, थांबण्याची सोयच नाही. गोळे मार्च-एप्रिलमध्ये वळून उन्हात सुकवता ना? मग या दुसऱ्या गटाचं बी गोळ्यात असून नसल्यासारखं.

म्हणजे गोळ्यांतून येणार पहिल्या गटातली झाडं. ती यावीत, पण ताईंच्या उताराला त्यांची कमी नाही. वहाळाकाठचं सावलीतलं जे होतं ते असं येत नाही. शिवाय गोळा फुटला की उंदीर आणि मुंग्या असतातच.

घाटमाथा

हम्म. आमचं बी बहुतेक करंज, बहावा, सुबाभूळ असतं. टाकतो तिथे नंतर बघायला जाणं होत नाही हेही खरं.

झाडीपट्टी

सुबाभूळ टाकू नका जी कुठं. एकदा आली का हटत नाही.

आमच्याकडचं सांगतो, गडचिरोलीकडचं. रान वेगळं, पण सागाचं बघण्यासारखं आहे. सागाच्या रानात पावसाळ्यात टाचेएवढी रोपं दिसतात, मोठी दोनच पानं. उन्हाळ्यात जळतात, सुकतात, पान ना काडी. माणूस समजतो मेलं. जूनमध्ये त्याच जागेवरून पुन्हा फुटतं. असं वर्षानुवर्षं चालतं. वर वाढ दिसत नाही, पण खाली मूळ गाजरावाणी जाड होत राहते. मग एखादं मोठं झाड पडलं, ऊन आलं, दोन उन्हाळे आग लागली नाही, का ते एकाच दमात डोक्याच्या वर जाते. म्हणून तर रोपवनात सागाची स्टंप लावतात. मूळ आणि वर बोटभर खोड, पानं सगळी छाटून. ताकद मुळात आहे हे पहिल्यापासून ठाऊक होतं त्यांना.

पण एक आहे. त्या दोन उन्हाळ्यांत आग लागली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि आग लागतेच. मोहाखाली पाला जाळतात, फुलं वेचायला सोपी म्हणून. तेंदूला कोवळं पान यावं म्हणून जाळतात. कोणी मुद्दाम रान जाळत नाही, पण वारा काही कोणाला इचारत नाही.

वरकसवाली

झाडीपट्टी, हे फार उपयोगी. आमच्याकडे आग दर वर्षी लागते म्हणतात, पण तोडीच्या आधी खालच्या रानात कधी आत आली नव्हती. वरच्या सड्यावरच (कातळाच्या उघड्या माळावर) विझायची. आता येईल का?

ऐन_भरात

येईल. खरा धोका हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दाट रानात खाली गवत नसतं, कारण ऊन नसतं. पाला असतो, पण तो दबलेला आणि बुडाशी ओलसर. आग आली तरी घोट्याएवढ्या उंचीने सरकते आणि सावलीत मरते. तोड झाली की पहिल्याच पावसात गवत कमरेएवढं येतं. जानेवारीत ते वाळतं आणि फेब्रुवारीपासून सड्यावरच्या आगीला खाली उतरायला रस्ता मिळतो. आग लागली की लहान रोपं जातात, रोपं गेली की सावली येत नाही, सावली नाही म्हणून गवत आणखी जोर धरतं. असं तीन-चार वर्षं झालं की जिथे जांभूळ-आंजणी होती तिथे गवत, कुंभा, पळस आणि ऐनाचे खुरटे फुटवे एवढंच राहतं. कुंभ्याची साल जाड, त्याला आगीचं विशेष वाटत नाही. डोंगरउतारावर नुसते कुंभेच कुंभे दिसले तर तिथे आग पुन्हा पुन्हा येते असं समजायला हरकत नाही.

आगीत मातीखाली फार खोल उष्णता जात नाही. चार बोटं खाली मूळ असेल तर ते वाचतं. म्हणून फुटवा येणाऱ्या जाती तगतात आणि गेल्या पावसात बीपासून आलेलं रोप संपतं, त्याचं अजून खाली काही झालेलंच नसतं.

तुमच्या पाच एकरात पुढच्या तीन वर्षांत एकही रोप लावलं नाही आणि फक्त आग आत येऊ दिली नाही, तर पाचशे रोपांपेक्षा जास्त काम होईल. हे मी लिहून देतो.

कोकणी_काका

सगळं वाचलं. शहरातल्या लोकांना वणवा म्हटला की गुन्हेगार दिसतो, म्हणून चार ओळी.

आमच्या वाडवडिलांनी भाजावळ (पेरणीआधी वाफ्याची जमीन भाजणं) केली ती रान जाळायला नव्हे. ऐनाची कवळं (पाल्याच्या फांद्या) तोडायची, दाढीवर (भाताच्या रोपांच्या वाफ्यावर) पसरायची, वर शेण-पालापाचोळा-माती आणि वाऱ्याची बाजू बघून पेटवायचं. माणसं उभी असत हिरवा टाळा (पाल्याची फांदी) हातात घेऊन. आज भाजावळ आहे पण माणसं नाहीत. घरात दोन म्हातारी, मुलगा विरारला. पेटवतात आणि घरी येतात. रान जळतं ते त्यामुळे.

दुसरं. पूर्वी भात कापलं की गुरं उनाड सुटत आणि गवत खाऊन टाकत. आता गुरंच राहिली नाहीत. गवत उभंच्या उभं वाळतं. तुम्ही चराई वाईट म्हणता, पण न खाल्लेलं गवत काय करतं ते बघा.

आणि काजू लावायला हरकत काय आहे? वर काजू, खाली वहाळाकडे रान. भावाचंही समाधान.

बीजांकुर

काकांचा चराईचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो सोयीस्करपणे विसरला जातो. फक्त गाय आणि शेळी यांत फरक करा. गाय मुख्यतः गवत खाते. शेळी शेंडा खाते, आणि तोच शेंडा महिन्याने परत येऊन खाते. फुटवा गुडघ्याएवढा, खोड बोटाएवढं जाड आणि वर झुडपासारखा गुच्छ, असं दिसलं की शेळी येऊन जाते आहे. हिवरे बाजारला कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदी केली, पण गवत कापून न्यायला मोकळीक ठेवली. गवत बाहेर गेलं म्हणजे चाराही झाला आणि उन्हाळ्यात जळायलाही काही उरलं नाही. तो भाग कमी पावसाचा आहे, इथल्यासारखा नाही, पण ही युक्ती कुठेही चालते.

मुलुंडचा_माळी

मियावाकी (खूप दाट लागवड) का नाही करत? आमच्या सोसायटीमागे केलंय, तीन वर्षांत आत शिरता येत नाही.

ऐन_भरात

सोसायटीमागे नळ आहे म्हणून. माती उकरून खत-भुसा मिसळायचा, चौरस मीटरला तीन-चार रोपं, दोन-तीन वर्षं पाणी आणि खुरपणी. पाच एकर म्हणजे वीस हजार चौरस मीटर, बाकीचा गुणाकार तुम्ही करा. पडक्या शहरी जागेला ती पद्धत ठीक. इथे जमिनीत जिवंत मुळं आहेत, ती उकरून वर रोपं लावायला सांगता?

मुलुंडचा_माळी

बरं बरं, रागावू नका. नुसतं विचारलं.

वरकसवाली

गेल्या शनिवार-रविवारी जाऊन आले. ऐन_भरात यांनी सांगितलेलं जमेल तसं बघितलं.

फुटवा बहुतेक सगळ्या बुंध्यांना आहे. काही बुंध्यांवर दहा-बारा फांद्या एकदम आल्यात. काही बुंधे गुडघ्याच्या वर तोडलेले आहेत, त्यांचे फुटवे वाऱ्याने एका बाजूला फाटून लोंबतायत. वरच्या अंगाला कमरेएवढं वाळकं गवत आणि रानमोडीचं तण. मधल्या पट्ट्यात टणटणीही (घाणेरी) दिसली. आधी नव्हती म्हणतात.

बीपासून आलेली रोपं उघड्यावर जवळजवळ नाहीत. पण एक मजा दिसली. मधल्या उतारावर करवंदीच्या जाळ्या आहेत, त्या तोडणाऱ्यांनी ठेवल्यात. एका जाळीत काठी घालून फांद्या बाजूला केल्या तर आत माती गार, बोटाला ओल लागत होती, फेब्रुवारी असून. आणि त्यात वीतभर जांभळाची रोपं, एकाच ठिकाणी तीन चिकटून, एक आंब्याचं आणि गुळगुळीत जाड पानांची दोन, ओळखली नाहीत. सगळी हिरवी. तिथून चार पावलांवर उघड्यावर जांभळाच्या वाळक्या काड्या.

उंबराखालीही खूप काही उगवलंय, पण वेगवेगळ्या जातींचं. उंबराचं स्वतःचं एकही दिसलं नाही.

बीजांकुर

ताई, तुम्ही एका फेरीत जे पाहिलंत ते आमच्या मुलांना वर्षभर सांगून कळत नाही!

एकाच ठिकाणी तीन जांभळं म्हणजे बहुधा एकच बी. जांभळाच्या बीत अनेकदा एकापेक्षा जास्त अंकुर असतात. करवंदीने तिथे दोन कामं केली. काट्यांनी शेळी बाहेर ठेवली आणि सावलीने माती थंड ठेवली. बी बहुधा बुलबुलासारख्या पाखरांनी नाहीतर कांडेचोराने (उदमांजराने) आणलं. आंब्याची बाठ कोणी आणली ते विचारू नका, माणसानेही टाकली असेल.

उंबराचं तेच. पाखरं उंबर खायला येतात, बसतात आणि आधी दुसरीकडे खाल्लेलं तिथे टाकतात. वटवाघळं रात्री तेच करतात. उघड्या उतारावर एक फळझाड उभं असलं की त्याच्या सावलीपुरतं बी आपसूक गोळा होतं. बी पडलं, सावली मिळाली, पाला मिळाला, तिन्ही एकाच जागी. म्हणून तोडीत चार फळझाडं ठेवली की नाही यावर पुढचं रान ठरतं. तुमच्या काकांनी (किंवा तोडणाऱ्याने आळसाने) उंबर ठेवला, त्याचे आभार माना.

आणि आईच्या पायाशी स्वतःचं रोप का नाही, तर उंबराला मुळात रुजायला ओली आणि उघडी जागा लागते, पाल्याच्या थरात ते बारीक बी रुजत नाही. इतर मोठ्या झाडांचं कारण वेगळं. जांभळाखाली जुलैत रोपांचा गालिचा असतो. पण आईवर जी बुरशी, ज्या अळ्या पोसलेल्या असतात त्या नेमक्या त्याच जातीच्या पोरांवर उतरतात. शिवाय पावसाळी ओलीत दाटीने उगवलेली रोपं बुंध्याशी कुजून कोलमडतात, भाजीच्या वाफ्यात कोलमडतात तशीच. जान्झेन आणि कॉनेल या दोन शास्त्रज्ञांनी १९७०-७१ च्या सुमारास हे स्वतंत्रपणे मांडलं. दूर पडलेलं बी वाचण्याची शक्यता जास्त, म्हणून एकाच जातीचं रान माजत नाही आणि दुसऱ्यांना जागा मिळते. अर्थात दूर नेणारा कोणी हवा. धनेशासारखी मोठी पाखरं गेली की मोठ्या बीच्या झाडांची पंचाईत होते ती याच कारणाने.

गुळगुळीत पानांची दोन आंजणी असू शकतात. पानं समोरासमोर होती का? कडेला दाते?

वरकसवाली

समोरासमोर, दाते नव्हते. देठ फारच आखूड.

बीजांकुर

मग आंजणी म्हणायला हरकत नाही. सावलीत वर्षानुवर्षं तशीच बसून राहील, इंच-इंच वाढेल. सावकाश वाढते म्हणून तिला उघड्यावर लावायला कोणी देत नाही, आणि लावली तरी पहिल्या उन्हाळ्यात भाजते. महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकरच्या रानात आंजणी, जांभूळ आणि पिसा हीच मुख्य मंडळी. तिच्यासाठी आधी सावली हवी, आणि ती देण्याचं काम तुमचे ऐन-किंजळीचे फुटवे करतायत. अजून दोन वर्षांनी त्यांच्याखाली गवत पातळ होईल.

चांदाडा दिसला का कुठे? ढालीसारखं गोल पान, देठ मध्यभागी. उघडं पडलं की तो लगेच येतो. कच्चं लाकूड, काही कामाचा नाही म्हणून तोडतात. तोडू देऊ नका.

झाडीपट्टी

ऐन_भरात, एक विचारतो. बुंध्यावर दहा-बारा फांद्या आहेत म्हणतात ताई. विरळ करायच्या का? आमच्याकडे करतात, दोन-तीन जाड ठेवून.

ऐन_भरात

हो, मी करतोच. दुसऱ्या पावसाळ्यानंतर प्रत्येक बुंध्यावर सरळ आणि जमिनीलगत आलेले दोन-तीन ठेवायचे, बाकीचे कोयत्याने काढायचे. उंच तोडलेल्या बुंध्यांचं आधी बघा. वरच्या टोकाला आलेला फुटवा नुसत्या सालीला धरून असतो आणि फाटतोच. जमलं तर तो बुंधा पावसाच्या तोंडावर जमिनीलगत तिरका कापून घ्या, पाणी वर साठायला नको. खालून नवा फुटवा येतो.

बीजांकुर

इथे माझं जमत नाही. लाकूड हवं असेल तर विरळणी. ताईंना लाकूड नकोय, सावली हवीय. बारा फांद्यांचं झुडूप मातीवर जितकी सावली धरतं तितकी दोन सरळ काठ्या धरत नाहीत. काढलेल्या फांद्या तिथेच वाळल्या तर आगीला सरपण. झाड स्वतःच कमजोर फांद्या टाकून देतं.

ऐन_भरात

टाकून देतं, पण दहा वर्षं लावतं. दोन काठ्या लवकर उंच गेल्या तर खालून शेळीच्या तोंडाबाहेर जातात हेही बघा.

बीजांकुर

शेळी येऊ द्यायची नाही असं ठरलंय ना आपलं?

फणसगरा

अर्ध्यात विरळणी करा, अर्ध्यात नको. पाच वर्षांनी इथेच भांडू.

ऐन_भरात

हा गृहस्थ पहिल्यांदा कामाचं बोलला.

घाटमाथा

हवामानाचं कोणी काढलं नाही. २०२५ ला पाऊस केरळात २४ मेला, मुंबईत २६ मेला आला आणि मग जूनच्या मध्यापर्यंत अडकून बसला. त्याआधी २०२३ ला जूनचा शेवट उजाडला आणि पुढे ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा गेला. अशा वर्षी रोपांचं काय होतं?

बीजांकुर

जातीजातीप्रमाणे वेगळं होतं. मेअखेर जोरात पाऊस पडला की पडलेली जांभळं-रातांबे (कोकमाची फळं) लगेच रुजतात. मग दोन आठवडे उघडीप आली तर मूळ बोटभर असताना ऊन बसतं. थांबून राहू शकणारं कठीण कवचाचं बी अशा वेळी फायद्यात असतं, सगळं एकदम रुजत नाही, काही पुढच्या पावसाला ठेवलेलं असतं. साग, बहावा त्या जातीतले. म्हणजे पाऊस असा लहरी झाला तर पहिला फटका ओल्या बियांच्या सदाहरित झाडांना. कोरडा ऑगस्ट त्याहून वाईट, कारण मुळं खाली उतरण्याचा तोच काळ. करवंदीच्या जाळीत, पाल्याच्या थरात हा फटका कमी बसतो, उघड्यावर पूर्ण बसतो.

लावणाऱ्यांसाठी यात एवढंच की कॅलेंडर बघून लावू नका. पहिल्या सरीला तर नकोच. माती वीतभर खोल ओली झाली आणि पाऊस लागून राहिला की मग.

कोकणी_काका

मृगाच्या पहिल्या सरीला आम्हीही काही लावत नसू. आर्द्रा लागल्या की.

मुलुंडचा_माळी

म्हणजे ती पाचशे रोपं घ्यायचीच नाहीत?

ऐन_भरात

पाचशे नाही. राज्यात २०१६ ला २ कोटी, मग ४, मग १३ आणि २०१९ ला ३३ कोटी झाडं असं सरकारी लागवडीचं लक्ष्य चढत गेलं. आकडा लावलेल्या झाडांचा असतो. माझा अनुभव असा की मोजणी ऑक्टोबरात केली तर सगळं छान दिसतं, दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये केली तर खरं दिसतं. ताईंनी स्वतःची मोजणी जूनमध्येच करावी.

रोपं घ्यायची तर जिथे आपोआप काही येत नाहीये तिथल्यापुरती, आणि आपल्या रानातली. यादीतला करंज वहाळाकाठी चालेल, ताम्हणही तिथेच, त्याला पाणी आवडतं. बहावा मधल्या उतारावर. कडुनिंब कोकणच्या पावसात रडतो, कोरड्या देशावरचं झाड ते. वड-पिंपळ एखाद-दुसरा, पाखरांसाठी. बाकी परत करा. उंच रोपं देतील, ती नको म्हणा. फूटभर पण मानेशी जाड असलेलं रोप घ्या. तीन फुटी बारीक रोप सावलीत लाडावलेलं असतं, वर पानं जास्त आणि खाली मूळ कमी.

त्याहून चांगलं म्हणजे जवळच्या देवराईखालून बी आणा. गावात विचारून, मानकऱ्यांना सांगून. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी देवरायांची पाहणी केली तेव्हापासून हे सांगितलं जातंय, की आजूबाजूचं रान गेलं तरी त्या जातींची आई-झाडं तिथे उरलीत. जूनमध्ये ताजं बी, सुकू न देता, त्याच दिवशी करवंदीच्या जाळीच्या उत्तर बाजूला बोटभर खोल. जाळी तोडायची नाही. पिशवी नाही, खड्डा नाही.

कातळाचा वरचा भाग सोडा. तिथे पावसाळ्यात जे इवलंसं फुलतं ते तिथलंच आहे, झाडांची जागा नाही ती. खड्डे सुरुंगाने फोडून लावतात लोक, बघवत नाही.

वरकसवाली

भावाशी बोलले. वरच्या रस्त्यालगत एक एकर काजू, बाकीचं रान, असं ठरतंय. कोकणी_काकांचाच तोडगा निघाला शेवटी.

आता लगेच करायचं ते आगीचं, फेब्रुवारी चालू आहे. सड्याच्या बाजूने जाळरेषा (आग अडवणारा गवत नसलेला पट्टा) काढायची तर किती रुंद? आणि गवत आता जाळून पट्टा करू की नुसतं कापू? दुसरं, करवंदीतली रोपं बेणणी (झाडोरा-तण कापणी) करणाऱ्यांना कळावीत म्हणून खूण काय करू?

कोकणी_काका

आता जाळू नका. दव पडतं तेव्हा डिसेंबर-जानेवारीत पट्टा जाळतात, ते दिवस गेले. कापा. सड्याच्या बाजूला दहा-बारा हात रुंद, कापलेलं गवत खालच्या बाजूला ओढू नका, वर कातळावर टाका नाहीतर कोणी नेत असेल तर नेऊ दे. गडगा (दगडांचा बांध) असेल तर त्याच्या वरच्या अंगाने काढा, गडगा आगीला अडवतोच, पडलेले दगड तेवढे रचून घ्या. माणसं शिमग्याच्या आधी बोलवा. शिमगा लागला की पालखी नाचून झाल्याशिवाय कोणी येणार नाही, आणि आग त्याच दिवसांत लागते. शेजारच्या हद्दीवाल्यांना सांगून ठेवा, तेही पट्टा काढत असतील तर एकच काढा.

ऐन_भरात

काकांना अनुमोदन. रानमोडी कापाल तर फुलून बी उडायच्या आत, यंदा तो मोका गेला, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात बघा. टणटणी नुसती छाटली की दुप्पट येते, पावसाळ्यात माती मऊ असताना मुळासकट उपटून उलटी टाका, आणि एकदम सगळी नको. खाली रोपं असतील तर आधी ती बघा.

खुणेला चुना नको, पावसात जातो. जुन्या साडीच्या रंगीत चिंध्या करा आणि रोपाला न बांधता शेजारच्या करवंदीच्या फांदीला, छातीच्या उंचीवर बांधा. खाली बांधल्या तर गुरं चघळतात. बेणणीवाल्यांना पहिल्या दिवशी सोबत फिरवून दाखवा, नुसतं फोनवर सांगून होत नाही.

वरकसवाली

साड्या आहेत ढीगभर. शनिवारी जातेय. फोटो अजूनही चढत नाहीयेत, कोणी सांगेल का कसे टाकायचे?

फणसगरा

आकार कमी करा, मग चढतात. व्यनि (वैयक्तिक निरोप) करतो.